बर्फ ढकलायला गाडी

फेब्रुवारीत कॅनबेरातल्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचं सांगितलं. त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो. मार्चमध्ये एका सकाळी तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खिडकीशी बसला होता. बाहेर बघत म्हणाला, "हिवाळ्याच्या आत बर्फ काढायला गाडी घ्यायला हवी."

मला वाटलं होतं, बोलेल तेव्हा मुलीबद्दल बोलेल, नाहीतर मृत्युपत्राबद्दल. गाडीचं ऐकून मला रागच आला. पण तो सगळा विचार करून बसला होता. या आजारात स्नायूंना हालवणाऱ्या नसा एकेक करत मरतात. आधी हात, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं, आणि शेवटी श्वास. डोकं मात्र बहुतेकांचं शाबूत राहतं. त्याचा आजार वेगाने चाललाय, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. जूनपर्यंत नर्स घरी यायला लागेल, फिजिओ येईल, कधी ॲम्ब्युलन्स येईल, असं त्याने मला बोटांवर न मोजता सांगितलं, कारण बोटं मोजायला दुमडता येण्यासारखी राहिली नव्हती. ही सगळी माणसं ड्राइव्हवे चढून वर आली पाहिजेत. आणि आमच्या ड्राइव्हवेवर जून ते सप्टेंबर बर्फ पडतो.

आम्ही मूळचे पुण्याचे. मेलबर्नला आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. पॉइंट कुकला एका नव्या वसाहतीत घर घेतलं, तिथे बारा वर्षं राहिलो. तो बोगद्यांचा इंजिनीअर. डोंगरातल्या धरणाच्या कामावर त्याला नोकरी मिळाली, तेव्हा मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घरूनच करत होते, म्हणून मलाही हलता आलं. जिंडाबाइन गावाच्या वर पंचवीस मिनिटांवर त्याने हे घर शोधलं. मुलगी मेलबर्नलाच युनिव्हर्सिटीत शिकायला राहिली. घर त्याला एका नजरेत आवडलं होतं. मला आवडलं नव्हतं, पण मी तसं स्पष्ट म्हटलं नाही. मी म्हटलं, रस्ता फार चढाचा आहे. तो म्हणाला, चढ काय, सवय होते.

रस्त्यापासून घरापर्यंत एकशे साठ मीटर खडीचा ड्राइव्हवे होता. मध्ये एक डावं वळण, वळणाच्या खालच्या बाजूला उतार, आणि उतारावर वेडीवाकडी गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं. पहिले काही हिवाळे तो फावड्याने आणि हाताने ढकलायच्या मोठ्या सुपड्याने बर्फ काढायचा. दोन-अडीच तास लागायचे, त्याला त्यात मजा वाटायची. मागच्या ऑगस्टमध्ये तो अर्ध्यातच परत आला आणि म्हणाला, फावडं हातात राहत नाहीये. माझी मीटिंग होती. मी म्हटलं, आता अर्धं सोडून आलास तर गोठेल ना ते. तो पुन्हा खाली गेला. तो आजाराचा पहिला दिवस होता हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. ते वाक्य मी परत घेऊ शकले नाही. त्याला ते आठवत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

तर मार्चमध्ये मी त्याला म्हटलं की गाडीपेक्षा घर बदलू. गावात खाली भाड्याने घर घेऊ, नाहीतर सरळ मेलबर्नला जाऊ, पॉइंट कुकला ओळखीची दहा घरं आहेत, मुलगी आहे, हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. मुलीचंही तेच म्हणणं होतं. ती फोनवर त्याच्याशी इंग्रजीत वाद घालायची, तो मराठीत उत्तर द्यायचा. त्याचं एकच उत्तर होतं. मला इथेच राहायचंय, आणि मला आता फार वेळा काही मागता येणार नाही, तेव्हा एवढं द्या. मुलगी रडायला लागली आणि तिने फोन ठेवला. मी रडले नाही. मला त्याचा संताप आला होता, आणि आजारी माणसाचा संताप येतो याची लाज वाटत होती.

मग आम्ही गाडी शोधायला लागलो. एप्रिलभर दर शनिवारी निघायचो. मी चालवायचे, तो बाजूला बसायचा. त्याने टॅबवर एक तक्ता केला होता. कुठलं यंत्र किती वजनाचं, चढावर किती ढकलेल, सुरू करायला किती ताकद लागते, हे सगळं त्यात होतं. टाइप करायला त्याला डाव्या हाताचं एकच बोट उरलं होतं.

आमच्याकडे यूट होता, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. पहिला विचार आला की त्यालाच पुढे पातं लावावं. कूमा गावातल्या एका वर्कशॉपमध्ये विचारलं. तिथल्या माणसाने गाडीखाली वाकून बघितलं आणि सांगितलं की पातं परदेशातून मागवावं लागेल, आमच्या मॉडेलला त्याचा सांगाडा बसत नाही, आणि वळणावर एवढी लांब गाडी मागे-पुढे करायला जागा लागेल. "पार्टनरला रिव्हर्स चांगलं जमतं का?" त्याने नवऱ्याला विचारलं. मी तिथेच उभी होते. पॉइंट कुकला बारा वर्षं सकाळी माझी गाडी गराजमधून हाच बाहेर काढून द्यायचा. नवरा म्हणाला, "नाही जमत." यूटचा विचार तिथेच संपला.

मागून चालत ढकलायचं, बर्फ उडवणारं मशीन एका दुकानात होतं. त्या दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की इथला बर्फ ओला असतो, कालवलेल्या सिमेंटसारखा, तो याच्या नळीत अडकतो, आणि मग हाताने काढावा लागतो. क्वाड बाइक, म्हणजे चार चाकांची बसायची बाइक, तिला पुढे पातं लावलेलं, अशी एक दुसरीकडे बघितली. विकणारा तरुण होता, फार उत्साहात होता. मी त्यावर बसून बघितलं. नवऱ्याने उतार किती अंशांचा आहे ते सांगितलं आणि विचारलं, उलटली तर? तो मुलगा म्हणाला की आता त्यावर संरक्षक दांडा बसवतात. नवरा म्हणाला, "उलटली तर हिला काढायला घरात कोणी नसेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उतर."

शेवटी दोन गोष्टी उरल्या. एक लहान ट्रॅक्टर, मागे-पुढे दोन्हीकडे पातं लावता येईल असा. दुसरी, जिला इथे साइड-बाय-साइड म्हणतात ती छोटी गाडी. शेतावर वापरतात. शेजारी शेजारी दोन सीट, वर लोखंडी सांगाडा, काच, पट्टे, हीटर, आणि पुढे बटणाने वर-खाली होणारं पातं. दोन्ही एकाच डीलरच्या आवारात उभ्या होत्या. पाऊस भुरभुरत होता.

त्याचा कौल ट्रॅक्टरला होता. त्याने मला नीट समजावून सांगितलं. ओल्या बर्फाला वजन लागतं, ताकद असून उपयोग नाही, चाक जमिनीला धरून राहिलं पाहिजे. ट्रॅक्टर जड आहे, हळू आहे, तुला भीती वाटणार नाही. ही दुसरी हलकी आहे, गोठलेल्या ढिगाऱ्यावर चढेल आणि घसरेल. सगळं बरोबर होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. पण ट्रॅक्टरला एकच सीट होती.

मी म्हटलं, "मला ही दोन सीटची हवी."

"दोन सीट कशाला? एकटीच असणार आहेस."

हे तो काही वाईट हेतूने बोलला नाही. हिशेबातली एक गोष्ट सांगावी तसं बोलला. डीलर थोडा लांब, फोनवर होता. मी त्या गाडीच्या दारावर हात ठेवून उभी होते, आणि मी म्हटलं की या हिवाळ्यात तरी तू माझ्या बाजूला बसशील. मला एकटीला ते नाही जमणार. तू सांग, मी चालवीन. त्याने एकदा ट्रॅक्टरकडे बघितलं. आयुष्यात घेतलेली प्रत्येक गाडी त्याने निवडली होती, अगदी पुण्यातल्या माझ्या पहिल्या स्कूटीपासून. मग म्हणाला, "ठीक आहे. तुझी गाडी आहे."

मे महिन्यात त्याने मला शिकवलं. कोरड्या खडीवर, बर्फ नसताना. मी त्याला उचलून बसवायचे, पट्टा लावायचे, आणि आम्ही ड्राइव्हवेवर वर-खाली करायचो. पातं किती उंचीवर धरायचं, म्हणजे खडी खरवडली जाणार नाही. वरून खाली ढकलायचं, खालून वर कधीच नाही. वळणावर बर्फ उताराच्या बाजूला सोडायचा, पण स्वतः त्या बाजूला जायचं नाही. पडत असताना दर पंधरा-वीस सेंटिमीटरला काढायचा, सगळा पडून जायची वाट बघायची नाही. दोन्ही कडांना आम्ही नारिंगी टोकांचे खांब ठोकले, म्हणजे सगळं पांढरं झाल्यावर रस्ता कुठे आहे ते दिसावं. खांब तो दाखवायचा, मी ठोकायचे. एकदा हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली आणि मी मोठ्याने शिवी दिली. तो हसायला लागला, आणि हसताना त्याला ठसका लागला. तो ठसका थांबायला इतका वेळ लागला की आम्ही दोघंही घाबरलो. त्या दिवसानंतर खायला दिलेलं सगळं मी मिक्सरमधून काढायला लागले.

जूनमध्ये पहिला बर्फ पडला तेव्हा तो माझ्या बाजूला बसला होता. मान धरायला त्याला कॉलर लावली होती. बोलणं अस्पष्ट झालं होतं, पण मला कळायचं. साधारण वीस सेंटिमीटर बर्फ असेल. मी तीन फेऱ्या मारल्या. वळणावर तो "डावीकडे, डावीकडे" म्हणत राहिला. खाली रस्त्यापर्यंत पोचलो तेव्हा तो म्हणाला की जमलं तुला. आम्ही तिथेच इंजिन चालू ठेवून थोडा वेळ बसलो. हीटरची ऊब होती. काय बोललो ते लक्षात नाही. त्यानंतर आणखी एकदाच तो त्या सीटवर बसला. जुलै लागला तेव्हा त्याला बसतं ठेवणंच अवघड झालं, आणि श्वासाचं मशीन दिवसाही लागायला लागलं. तोंडा-नाकावर मास्क, त्याला नळी, नळीला मशीन. हात आता हलत नव्हते. बोलणं गेलं होतं. नर्सने एक पारदर्शक पाटी दिली होती, त्यावर इंग्रजी अक्षरं. मी अक्षरांवरून बोट फिरवायचे, हवं ते आलं की तो डोळे मिटायचा. मराठी अक्षरांची पाटी नव्हती, त्यामुळे व्हॉट्सॲपवर लिहितात तसं इंग्रजी अक्षरांत मराठी जुळवायचं. 'पाणी'ला चार अक्षरं लागायची.

बाजूची सीट रिकामी राहिली. मी त्यावर वाळूची पोती ठेवायचे, चढावर टाकायला. दोनदा नर्सची गाडी वर चढली नाही, तेव्हा तिला रस्त्यावरून उचलून त्या सीटवर बसवून वर आणलं. ती पन्नाशीची, गावातली, फार कमी बोलणारी बाई होती. पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली की बरं झालं दोन सीटची घेतलीस. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी घरात आल्या आल्या त्याला सांगितलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मोठं वादळ आलं. सलग दोन दिवस बर्फ. मी दर तीन-चार तासांनी गाडी काढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फ थांबला आणि वीज गेली. मशीन बॅटरीवर चालू झालं. जास्तीची एक बॅटरी होती, म्हणजे दिवसभराचा प्रश्न नव्हता, पण नर्स साडेदहाला येणार होती आणि मला ती यायला हवी होती. दोन दिवस मी झोपले नव्हते. त्याच्या छातीत कफ भरला होता आणि तो माझ्याच्याने नीट निघत नव्हता.

मी त्याला सांगितलं की खालपर्यंत एक फेरी मारून येते, वीस मिनिटं. त्याने डोळे मिटले, म्हणजे हो.

वळणापर्यंत ठीक होतं. खाली ड्राइव्हवेच्या तोंडाशी आले तर मोठा रस्ता साफ करणाऱ्या, पातं लावलेल्या ट्रकने सगळा बर्फ तिथे लोटून ठेवला होता. कमरेएवढा बांध, आणि पहाटेच्या गारठ्यात गोठून दगड झालेला. नवऱ्याने शिकवलं होतं की असा बांध एका धडकेत कधी फोडायचा नाही, कडेने थोडा थोडा कुरतडायचा. मला घाई होती. मी मागे घेतली आणि जोरात घातली. पातं त्यात घुसलंच नाही. पुढची चाकं वर चढली, गाडी तिरकी झाली आणि हळूहळू, अगदी सावकाश, डावीकडच्या चरात जाऊन बसली. मी ब्रेक दाबून धरला होता, त्याचा काही उपयोग नव्हता. उलटली नाही. पट्ट्याने खांदा धरून ठेवला. चाकं नुसती फिरत होती.

फोनला तिथे रेंज नसते. मी फावड्याने चाकाखालचा बर्फ काढायला लागले. निघेल, आता निघेल, असं म्हणत किती वेळ गेला कळलं नाही. वाळू टाकली, पायपुसणं टाकलं. मग एकदम लक्षात आलं की वीस मिनिटं केव्हाच होऊन गेलीत. मी गाडी तशीच सोडून वर निघाले. काढलेल्या रस्त्यावर खाली बर्फाचा गुळगुळीत थर होता, त्यावरून धावता येत नव्हतं. कडेच्या मऊ बर्फातून गेले तर पाय मांडीपर्यंत रुतायचे. मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा क्षणभर उठावंसं वाटलं नाही. हे मी पुढे कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. वाटलं, इथेच पडून राहावं, वर जे असेल ते आपल्याला बघायला लागू नये.

मी गेले त्याला पन्नास मिनिटं झाली होती. मास्क त्याच्या नाकावरून गालावर सरकला होता. हवा कुठेतरी बाजूला फुसफुसत होती. ओठ निळसर झाले होते. डोळे उघडे होते, दाराकडे लावलेले. मी मास्क बसवला, पट्टे आवळले, त्याचं डोकं माझ्या हातात धरलं. तीन-चार मिनिटांनी ओठांचा रंग परत यायला लागला. मी त्याला सॉरी म्हणत होते, किती वेळा म्हटलं ते माहीत नाही.

मग घरातल्या फोनवरून रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यांना बोलावलं. सत्तरीचे, गुरं पाळणारे, एकटे राहणारे. ते त्यांच्या ट्रॅक्टरवर आले. दहा मिनिटांत त्यांनी तो बांध बाजूला केला आणि माझी गाडी साखळीने ओढून बाहेर काढली. मी कृतज्ञ होते, पण त्यांच्या तोंडून जे येणार ते मला माहीत होतं. "गाडी छोटी पडते, लव्ह," इथली म्हातारी माणसं कुणालाही म्हणतात तसं ते म्हणाले. "या बर्फाला वजन लागतं." मी हो म्हटलं. नर्स त्यांच्या मागोमाग वर आली, तिने कफ काढला, त्याला तपासलं, आणि मला खुर्चीवर बसवून माझे ओले मोजे काढले.

ती गेल्यावर त्याने पाटीकडे नजर टाकली. त्याला काही सांगायचं होतं. मी पाटी धरली. पहिलं अक्षर आलं, टी. मी थांबले. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "हो, ट्रॅक्टर. ट्रॅक्टर घ्यायला हवा होता. तू म्हणाला होतास, सगळेच म्हणतायत, कळलं मला."

त्याने पुन्हा पाटीकडे बघितलं. मी बोट फिरवायला लागले. एच. ए. एन. डी. आय.

थंडी. मी सकाळी धावत आत आले तेव्हा बाहेरचं दार उघडंच राहिलं होतं. नर्स मागच्या दाराने आली-गेली, तिच्या लक्षात आलं नाही. वीज नव्हती, हीटर बंद. तो तीन तास त्या वाऱ्यात पडून होता आणि सांगू शकत नव्हता. मी दार लावलं, घरातली सगळी पांघरुणं आणून त्याच्यावर घातली, आणि त्याच्या पायांपाशी बसून ते चोळत राहिले. आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, वीज आली.

मुलीला मी त्या दिवसाचं अर्धंच सांगितलं. तेवढं ऐकूनही ती सेमिस्टर सोडून आली. ती आल्यावर पाच आठवडे आम्ही दोघी होतो, एक बाहेर गेली तरी दुसरी त्याच्याजवळ असायची. ते पाच आठवडे त्या सबंध वर्षातले सगळ्यात कमी भीतीचे होते, असं मला आज वाटतं. मुलगी त्याला क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवायची. पाटीवर त्याचं मराठी तिला कळायचं, पण ती उत्तर इंग्रजीतच द्यायची, आणि शेवटच्या दिवसांत ती त्याच्याशी तुटक मराठीत बोलायला लागली. त्याने एकदा तिला पाटीवर सांगितलं, "english chalel". ती हसली आणि बाहेर जाऊन रडली.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी, साडेनऊच्या सुमारास, तो गेला. आम्ही दोघी जवळ होतो. मशीन श्वास देत होतं आणि तो घेत नव्हता, हे लक्षात यायला मिनिटभर लागलं. नर्सला फोन केला. ती म्हणाली की ती येऊन कागद करेल आणि अंत्यसंस्कारवाल्यांना कळवेल. त्यांची व्हॅन तीन वाजता येईल. मग तिने विचारलं, ड्राइव्हवे कसा आहे?

आदल्या दिवशी बर्फ पडला होता. तीस सेंटिमीटर तरी होता.

मी जॅकेट घातलं. मुलगी म्हणाली, आई, प्लीज, मी शेजाऱ्यांना बोलावते. मी नको म्हटलं. नर्स गाडी रस्त्यावरच ठेवून चालत वर आल्यावर ती त्याच्याजवळ बसली, आणि मी बाहेर पडले तेव्हा मुलगीही मागोमाग येऊन गाडीत बसली. वरून खाली, पातं खडीपासून दोन बोटं वर, वळणावर उतारापासून लांब. तोंडाशी तसाच बांध होता. तो मी कडेने थोडा थोडा कुरतडला. त्याला सव्वा तास लागला. वरती तो पडलेला आहे आणि आपल्याला घाई नाही, हा विचार मनात आला. मी दार उघडून बर्फात ओकले. मुलीने पाठीवर हात ठेवला. मग मी उरलेली फेरी पूर्ण केली आणि चढावर वाळू टाकली.

व्हॅन तीनला आली, न घसरता. एक पुरुष आणि एक बाई होती. दोघांनी फार जपून त्याला नेलं. मुलीने त्याच्या कपाळावर कुंकू लावलं होतं, ते पुसलं जाऊ नये म्हणून त्या बाईने चादर थोडी वर धरली. जाताना तो माणूस मला म्हणाला की इतका नीट काढलेला ड्राइव्हवे इथे वर क्वचितच बघायला मिळतो. मी थँक यू म्हटलं. मला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं मला वाईट वाटलं नाही. व्हॅन वळणावरून खाली दिसेनाशी झाल्यावर आम्ही आत आलो. ते मशीन अजून चालूच होतं. मुलीने ते बंद केलं.

घर मी नोव्हेंबरमध्ये विकलं. सिडनीच्या पेंडल हिलकडचं एक तरुण जोडपं होतं, त्यांना डोंगरात राहायचं होतं. गाडीही घरासोबत दिली. त्यांना मी गाडीबद्दल सगळं खरं सांगितलं. हलकी आहे, गोठलेल्या बांधावर चढते, चरात जाते, मोठा बर्फ असेल तर शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. त्यातल्या मुलाने मान हलवली, नो वरीज म्हणाला. तो ऐकत नव्हता, तो खिडकीतून झाडं बघत होता. त्याच्या बायकोने मात्र माझं सगळं फोनवर टिपून घेतलं.

मेलबर्नला जाताना मुलगी गाडी चालवत होती. कूमा मागे टाकून आम्ही बऱ्याच पुढे आलो होतो. माळ पिवळा पडायला लागला होता. तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "आई, वेअर यू एव्हर अँग्री विथ हिम?"

मी म्हटलं, "हो. फेब्रुवारीपासून शेवटपर्यंत."

मग मी तिला जुलैचा तो दिवस सगळा सांगितला. पन्नास मिनिटं, मास्क, उघडं दार, आणि बर्फात पडल्यावर उठावंसं वाटलं नव्हतं तेही. ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "मी पण चिडले होते." मराठीत म्हणाली. बाजूने एक लांबलचक ट्रक गेला, आमची गाडी हलली. मी तिला म्हटलं, आता मी चालवते. ती उतरली, मी स्टिअरिंगमागे गेले आणि ती माझ्या बाजूला येऊन बसली.